महागड्या सीरम-क्रीमांना परवडणारे पर्याय: कुणाचं कशावर भागतं?

जास्वंद
सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, हा विषय इथे आधी येऊन गेला असेल तर धागा उडवला तरी चालेल. शोधून पाहिलं, पण केसांच्या तेलावरचेच धागे सापडले.

झालं असं की न्यू जर्सीहून नणंद आली तेव्हा तिने मला एक सीरम दिलं. ३० मिलीची इवलीशी काळपट बाटली, वर ड्रॉपर. आत व्हिटॅमिन सी, ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड. लावलं, छान वाटलं. दोन महिन्यांनी सहज किंमत बघितली तर १८० डॉलरच्या वर! म्हणजे पंधरा हजार रुपये! त्या दिवसापासून मी थेंब मोजून लावायला लागले, लग्नाला जाताना अत्तर लावावं तसं. परिणाम काय, तर पाच महिन्यांनी अर्धी बाटली शिल्लक आणि आतलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबडं. वासही भलताच येतो, इस्त्रीखाली केस जळाल्यासारखा.

आता नणंद फोनवर विचारते, "वहिनी, संपलं का? परत पाठवू?" काय सांगू?

मी ४३ वर्षांची, नाशिकला असते, शाळेत शिकवते, जाणं-येणं स्कूटरवर. दुसऱ्या बाळंतपणापासून गालांवर वांग आहे. थंडीत पायाची नडगी खरवडली तर पांढऱ्या रेघा उमटतात. दोन महिन्यांना मिळून दीड हजार खर्च करू शकते, त्याच्या वर नाही. त्यात व्हिटॅमिन सी, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि ते सुरकुत्यांवरचं रेटिनॉल का काय, सगळं बसतं का? स्वतः वापरलेलंच सांगा, रीलवाल्यांचं ऐकून कंटाळले.

---

कडूकारलं
सोमवार, रात्री १०:०२

साबण, पाणी, खोबरेल. विषय संपला. शुभ रात्री.

---

जास्वंद
सोमवार, रात्री १०:०९

कारलेदादा, तुमच्या फोटोत अर्धा चेहरा दाढीत आहे, तुमचं भागतं. :)

---

रसायनी
सोमवार, रात्री ११:३०

जास्वंद, आधी ते तांबडं पाणी टाकून दे. तुझ्या काटकसरीनेच ती बाटली वाया गेली.

दुसऱ्यांच्या नावाने क्रीम-लोशन बनवून देणाऱ्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली, तेव्हा थोडं आतलं सांगते. तू वापरलंस ते सूत्र काही गुपित नाही. १५ टक्के एल-अस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीच), १ टक्का व्हिटॅमिन ई, अर्धा टक्का फेरुलिक आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साडेतीनच्या खाली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाचं हे काम. २००५ साली त्यांनी दाखवलं की सी आणि ई मिळून उन्हापासून चौपट बचाव करतात, आणि त्यात फेरुलिक पडलं की तो आठपट होतो. प्रयोग डुकराच्या कातडीवर होता, हेही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर कारलं उद्या शोधून आणेल. त्यावर पेटंट होतं, त्यापायी कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२५ मध्ये ते संपलं. म्हणजे आता ते कोणीही बनवावं.

तरी सगळ्या बाटल्या सारख्या का नसतात? कारण घटक एकत्र करणं हा त्यातला सोपा भाग. अस्कॉर्बिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळलं की त्या क्षणापासून त्याची घसरण सुरू. हवा, उजेड, उष्णता, काहीही पुरतं. कारखान्यातून गोदाम, मग टेम्पो, मग दुकानाची काच, मग तुझं कपाट. नाशिकचा मे महिना मध्ये आला तर बघायलाच नको. महागड्या कंपनीची बाटलीही तुझ्याकडे खराब झालीच ना? मग स्वस्त घेताना एवढंच बघ: बाटली छोटी हवी, १५-२० मिलीची, काच गडद, बनवल्याची तारीख ताजी. फ्रिजच्या दारात ठेव आणि दोन-तीन महिन्यांत संपव. चेहऱ्याला चार-पाच थेंब लागतात, तेवढे घालच.

हे जमणार नसेल तर इथाइल अस्कॉर्बिक अ‍ॅसिड असलेलं घे. व्हिटॅमिन सीचंच भावंड, तितकं नाशवंत नाही, आपल्याकडच्या कंपन्यांचं सहा-सातशे रुपयांत मिळतं. मूळ अस्कॉर्बिकइतका त्याचा अभ्यास झालेला नाही, पण तांबडं झालेल्या अस्कॉर्बिकपेक्षा ते केव्हाही बरं.

आणि कृपा करून कोणी पावडर आणून घरी घोळ करू नका. साडेतीनच्या खालचा पीएच म्हणजे लिंबाच्या दिशेची आंबट गोष्ट आहे. घरी मोजमाप चुकलं की चेहरा भाजतो.

---

कडूकारलं
मंगळवार, सकाळी ७:१५

डुकराची कातडी. मी काही शोधायची गरजच उरली नाही.

---

एल्बेकाठी
मंगळवार, दुपारी १:४०

मी हॅम्बुर्गला राहते, निव्हिआच्या निळ्या डबीच्या गावात. त्यामुळे ला मेर विरुद्ध निव्हिआ या जुन्या वादात माझे दोन पैसे.

ला मेर म्हणजे ६० मिलीला चारशे डॉलरच्या घरात जाणारं क्रीम. मॅक्स ह्यूबर नावाचा शास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत भाजला, मग समुद्री शेवाळ आंबवून औषध शोधलं, अशी कंपनी गोष्ट सांगते. १९९५ मध्ये एस्टी लॉडरने ते विकत घेतलं. निव्हिआ १९११ ची. लोकरीच्या चरबीपासून काढलेला एक घटक तेल-पाण्याला धरून ठेवतो, हे कळल्यावर जन्मलेली. निळी डबी १९२५ पासून.

मैत्रिणीकडे ला मेर होतं. आम्ही दोघी डिसेंबरात खिडकीपाशी बसून दोन्हींच्या याद्या वाचल्या. ला मेरमध्ये पहिलं समुद्री शेवाळाचा अर्क, मग मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम, ग्लिसरीन, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, खाली लॅनोलिन अल्कोहोल. निव्हिआत पाणी, मिनरल ऑइल, तेच वॅक्स, ग्लिसरीन, लॅनोलिन अल्कोहोल. म्हणजे हाडं सारखीच. मग एका हाताला हे, दुसऱ्याला ते. फरक आहे, नाही असं नाही. ला मेर बोटांत आधी चोळून घ्यावं लागतं, मग ते वितळतं आणि मऊ पसरतं. निव्हिआ पुरणपोळीवर थिजलेलं तूप फिरवावं तशी ओढत न्यावी लागते. पण तासाभराने दोन्ही हात सारखेच मऊ. मैत्रिणीचा नवरा आतून म्हणाला, "म्हणजे ३९० डॉलर वासाचे?" तिने डबी कपाटात ठेवून दिली, त्या दिवशी पुढे तो विषय निघाला नाही.

एक मात्र सांगते. हे इथल्या थंडीचं. मुंबईच्या जूनमध्ये निव्हिआ तोंडाला लावून लोकलमध्ये चढलात तर तोंडावर पापड तळता येतील.

इथे ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी स्टिफ्टुंग वारेनटेस्ट नावाची संस्था आहे. त्यांच्या सनस्क्रीनच्या चाचण्यांत किराणा साखळ्यांच्या स्वतःच्या स्वस्त बाटल्या वर्षानुवर्षं महागड्यांच्या बरोबरीने, कधी पुढे असतात. तेव्हापासून मी औषधी दुकानाच्या साखळीचंच सगळं घेते.

---

आंबटगोड
मंगळवार, दुपारी २:२०

पुरणपोळीवरचं तूप! आता जेवण जाणार नाही. +१ बाकी सगळ्याला.

---

रसायनी
मंगळवार, रात्री ९:१०

एल्बेकाठी, छान लिहिलंस. त्यात भर घालते.

एस्टी लॉडरचं घर बघ: ला मेर त्यांचं, आणि २०१६ साली टोरंटोत निघालेली, स्वस्त आणि साध्या बाटल्यांची दि ऑर्डिनरी, तीही आता त्यांचीच. लॉरियालचं घर बघ: जास्वंदची ती पंधरा हजारांची बाटली त्यांची, सेराव्हे त्यांचं, गार्नियर त्यांचं. आपल्याकडे जयपूरची मिनिमलिस्ट २०२० मध्ये निघाली, २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने तिचा ९० टक्क्यांहून मोठा हिस्सा घ्यायचं ठरवलं. एकाच वाड्यातली थोरली जाऊ भरजरी नेसते, धाकटी सुती. शेतं तीच.

आता यादी वाचायची कशी ते सांगते, कारण माझ्या मते सगळा खेळ डबीच्या पाठीमागे आहे. घटक जास्तीपासून कमीकडे लिहायचे हा नियम. पण १ टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. मग ही एक टक्क्याची रेघ कुठे आहे हे कसं ओळखायचं? फिनॉक्सीइथेनॉल शोधा. टिकवण्यासाठी घालतात ते, आणि त्याची कायदेशीर कमाल मर्यादाच १ टक्का आहे. त्याच्या पुढे जे जे लिहिलंय ते बहुतेक एक टक्क्याच्याही खाली. तिथे केशर असू दे, मोती असू दे, सोन्याचा वर्ख असू दे. अर्थात रेटिनॉल, पेप्टाइडसारखे काही घटक असतातच तेवढेसे आणि तेवढ्यात काम करतात. पण केशराचं चित्र डबीभर आणि नाव फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे असेल तर तुम्ही चित्राचे पैसे दिलेत.

उलटही खरं. टक्का मोठा म्हणून माल भारी, असंही नाही. नायसिनमाइडचे (व्हिटॅमिन बी-३ चा एक प्रकार) चांगले अभ्यास २ ते ५ टक्क्यांवर झालेत. बाजारात १० आणि त्याहून वरचं का? बाटलीवर मोठा आकडा छान दिसतो म्हणून. काहींचा चेहरा त्याने लाल होतो.

---

जास्वंद
मंगळवार, रात्री १०:४५

रसायनीताई, तुमचं वाचून आत्ता घरातली फौज जेवणाच्या टेबलावर मांडली. सासूबाईंचं भिंग घेतलं. लेक वाचतेय, मी खुणा करतेय. भाऊबीजेला आलेल्या "केशर-चंदन" क्रीममध्ये सुवासिक द्रव्य केशराच्या आधी! माझं एक दीडशे रुपयांचं, औषधाच्या दुकानातलं पांढरं क्रीम आहे, त्यात ग्लिसरीन दुसऱ्या नंबरवर. ते मी इतके दिवस कोपरांना फासत होते आणि केशरवालं चेहऱ्याला. सासूबाई म्हणतात, "मग आता कोपरांना केशर लाव."

---

भिरंडेल
बुधवार, सकाळी ११:०५

नावावरून ओळखलं असेलच. :)

शहरातल्या मॉलमध्ये "कोकम बटर" घातलेल्या बॉडी बटरच्या चिमुकल्या डब्या हजार-बाराशेला बघितल्या आणि हसू आलं. आमच्या सावंतवाडीकडे आठवडी बाजारात कोकमाच्या बियांचं तेल काढून, थिजवून, मुठीत वळलेले फिकट गोळे मिळतात. गोव्यात भिरंडेल म्हणतात, रत्नागिरीकडे मुठेल. थंडीत दगडासारखा कडक असतो. आजी रात्री चिमणीच्या काचेला तो गोळा नुसता टेकवायची, एक बाजू वितळून चकाकायची, आणि ती चकाकलेली बाजू टाचेच्या भेगांत फिरवायची. आम्ही ओरडायचो, कारण भेग खोल असली की चटका बसतो. "ह्यां लाव आणि गप निज." वर जुना मोजा. चार रात्रींत भेग मिटायची.

आता चिमणी नाही, मी डाव गरम करून त्यावर टेकवते. ओठांना, टाचांना, नखांच्या कडांना याच्यापुढे मला काही आवडलेलं नाही. पण खरं ते सांगते: लेकीच्या मुरमांच्या चेहऱ्यावर लावायचा शहाणपणा मी एकदा केला, तिने आठवडाभर अबोला धरला. चेहऱ्याला जपून.

---

आंबटगोड
बुधवार, सकाळी ११:३०

भिरंडेलचा प्रतिसाद जपून ठेवला. पार्सल पाठवता का हो? (हलकेच घ्या.)

अवांतर: ते जपानी पाणी माहितीये का, एसके-टू? साके गाळणाऱ्या कामगारांचे हात म्हातारपणीही मऊ दिसले म्हणून यीस्टच्या आंबवणीतून काढलेलं, बाटलीत नव्वद टक्क्यांच्या वर तेच. आई म्हणते, "आम्ही तांदळाच्या धुवणाने तोंड धुवायचो." तेच ना ते?

---

रसायनी
बुधवार, दुपारी १२:१०

नाही, तेच नाही. धुवण म्हणजे स्टार्चचं पाणी. ते गाळलेलं यीस्टचं आंबवण. त्यातला मुख्य घटक गॅलॅक्टोमायसीस फर्मेंट फिल्ट्रेट या नावाने कोरियन बाटल्यांत बराच स्वस्त मिळतो. पण तुझी त्वचा जे आहे त्यावर ठीक चालली असेल तर या वाटेला जायचंच कशाला? चैनीची गोष्ट आहे ती, गरजेची नाही.

---

कडूकारलं
बुधवार, दुपारी १२:१४

म्हणजे इडलीचं पीठ लावू नये.

---

संत्रं
बुधवार, रात्री १०:२०

सगळे हसून राहिले आहेत म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. पण स्वस्त पर्यायाची दुसरी बाजू पण या धाग्यात यायला पाहिजे.

माझी लहान जाऊ. लग्नाआधी तिला कोणीतरी एक ट्यूब सांगितली. औषधाच्या दुकानात नुसतं नाव सांगितलं की मिळायची, शंभर रुपयेही लागत नव्हते. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की आम्ही सगळ्या तिला विचारून राहिलो होतो, काय लावतेस म्हणून. मी पण दोनदा लावली, खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांनी तिचे गाल लाल, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसायच्या, हनुवटीवर लव. ट्यूब बंद केली तर आगआग. उन्हात पाऊल टाकता येईना, आणि नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि म्हणाले, यात स्टेरॉइड आहे, हे चेहऱ्याला रोज लावायचं औषधच नाही. पूर्ववत व्हायला वर्ष गेलं. लग्नाच्या फोटोत ती सुंदर दिसते. तो अल्बम ती उघडत नाही.

---

मेडिकलवाले काका
गुरुवार, सकाळी ६:५०

संत्रंताई, लिहिलंत ते बरं केलंत. मी मिरजेत २२ वर्षं औषधाचं दुकान चालवतोय. आजही आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाइकं येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात, "ही ट्यूब द्या." २०१८ पासून अशा स्टेरॉइडच्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तरी मागणी थांबत नाही. चिठ्ठी मागितली की दुसऱ्या दुकानात जातात. नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सॉल" आलं, म्हणजे मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, की हात आखडता घ्या. रंग उजळायच्या तीन औषधांच्या एकत्र ट्यूबमध्येही यातलं एक असतं. डॉक्टर ती ठरावीक आठवड्यांपुरती देतात. लोक ती वर्षानुवर्षं लावतात.

दुसरं, ब्यूटी पार्लरमधून किंवा कुरियरने येणाऱ्या बिनपत्त्याच्या डब्या. बनवणाऱ्याचं नाव नाही, घटकांची यादी नाही. अशांत पारा सापडलाय. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात किडनीच्या झिल्लीचा एक विकार असलेले रुग्ण एकामागून एक यायला लागले, डॉक्टरांनी माग काढला तर निघाल्या गोरं करायच्या क्रीमा. आपल्या नियमांत क्रीममध्ये पारा दशलक्षात १ भागाच्या वर चालत नाही. ते मोजायचं यंत्र तुमच्या-माझ्याकडे नाही, पण डबी उलटी करून पत्ता आहे का एवढं बघता येतं.

आता जास्वंदताईंच्या मूळ प्रश्नाकडे. कोरड्या अंगाला माझ्या फडताळातल्या तीन वस्तू पुरतात, आणि तिन्ही दिसायला अगदी गरीब आहेत. पहिली ग्लिसरीन. पण बाटलीतून थेट फासू नका, चिकचिक होते. आंघोळीनंतर अंग ओलसर असताना तळहातावर चार थेंब, तेवढंच पाणी. दुसरी, युरिया आणि लॅक्टिक अ‍ॅसिडचं क्रीम. नडगीच्या पांढऱ्या रेघांना उत्तम. सोललेल्या जागी चरचरतं, म्हणून पाय वॅक्स केल्याच्या दिवशी लावू नका. (एका वहिनींनी लावलं होतं. दुकानात येऊन मला ऐकवून गेल्या.) तिसरी पांढरी पेट्रोलियम जेली. चेसब्रो नावाच्या माणसाने १८७२ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून त्वचेतलं पाणी धरून ठेवण्यात तिच्यावर मात करणारं फारसं काही आलेलं नाही. सगळ्यात शेवटी, अगदी पातळ.

रेटिनॉलची चारपाच हजारांची बाटली घ्यायच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. त्याच घराण्यातली अ‍ॅडापलीन आणि ट्रेटिनॉइन ही औषधं ट्यूबमध्ये दोन-तीनशेच्या आसपास येतात, आणि ट्रेटिनॉइनचा अभ्यास तर रेटिनॉलपेक्षा कितीतरी जास्त. पण चिठ्ठीवर. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही.

---

जास्वंद
गुरुवार, दुपारी ४:००

काका, मनापासून आभार. संत्रं, तुझ्या जावेला सांग, इथे एक अनोळखी बाई तिच्यासाठी हळहळली.

वांगाचं कोणी बोलेल का? तोच माझा खरा काटा आहे.

---

तळ्यातमळ्यात
गुरुवार, रात्री ९:३५

वांगवाली मीही. आठ वर्षं. सीरमवर किती घातले ते सांगत नाही, नवरा इथे वाचतो.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत सीरमचं नावही काढलं नाही. विचारलं, "सनस्क्रीन किती लावता?" मी म्हटलं रोज लावते. "किती, असं विचारलं." मी करंगळीच्या नखाएवढं दाखवलं. त्या हसल्या. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून साधारण एक ग्रॅमच्या वर होतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं.

तिथेच माझा हिशेब उलटापालटा झाला. तोवर माझं सनस्क्रीन होतं फ्रेंच, साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणून मी ते नखाएवढं लावायचे. ५० ग्रॅमची ट्यूब मला सात-आठ महिने पुरायची, आणि मी ते कौतुकाने सांगायचे! दोन बोटांच्या हिशेबाने ती दीड महिन्यात संपायला हवी. आता चारशे रुपयांची, आपल्याकडचीच, एसपीएफ ५० आणि पीए चार प्लसवाली (पीए म्हणजे यूव्हीए किरणांपासूनचा बचाव) घेते. दिवसाला नऊ-दहा रुपये पडतात, आणि हात आखडत नाही.

आणि वांगाला नुसती अतिनील किरणं नाहीत, दिसणारा उजेडही भोवतो. तो साध्या सनस्क्रीनने अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं घ्यायचं. यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे दिसले की ते. माझा रंग सावळा, पांढऱ्या सनस्क्रीनने मी सर्कशीतली दिसायचे, तोही प्रश्न सुटला. रात्री अझेलिक अ‍ॅसिडचं क्रीम, डॉक्टरांनी दिलेलं, दोनशेच्या आसपास. पहिले दहा दिवस मुंग्या आल्यासारखं खाजतं.

गेलं का वांग? पूर्ण नाही. फिकं झालं. मे महिन्यात परत डोकावतं.

---

कडूकारलं
गुरुवार, रात्री ९:५०

यावर मात्र विनोद नाही. पुण्यातल्या पोरी स्कूटरवर डोळे सोडून सगळं गुंडाळतात, त्याची आम्ही तीस वर्षं टिंगल केली. स्कार्फ दोनशे रुपयांचा, पाच वर्षं टिकतो. शब्द मागे घेतो.

---

एल्बेकाठी
शुक्रवार, दुपारी १२:५५

कारलं हळवं झालं!

एक राहिलंच. स्वस्त पर्याय वेगळा आणि महागड्याची नक्कल वेगळी. माझ्या बहिणीने मुंबईत एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून त्या पंधरा हजारांच्या सीरमची "६० टक्के सूट"वाली बाटली घेतली. खोकं सुबक, सील सुबक. माझ्या जुन्या खऱ्या बाटलीशेजारी ठेवली तेव्हा ड्रॉपरचं रबर वेगळं, अक्षरांची जाडी वेगळी, आणि आतला द्रव घट्ट, शिकेकाईच्या पाण्यासारखा बुळबुळीत. खरा पातळ असतो. उल्हासनगरच्या नकली "मेड इन यूएसए"चा जुना विनोद आता घरपोच येतो. त्यापेक्षा सहाशे रुपयांची, स्वतःच्या नावाने विकली जाणारी बाटली शतपटीने बरी.

---

आंबटगोड
शुक्रवार, दुपारी १:३०

कुठलंही नवीन काही थेट चेहऱ्याला नको, आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस. स्वस्त असो की महाग. मी "नैसर्गिक" म्हणून लिंबू चोळून उन्हात गेले होते. फोटो टाकत नाही.

---

जास्वंद
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायचा आहे.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांचे पाचशे रुपये बजेटमध्ये धरले नव्हते, त्यामुळे दीड हजारात बसवायची प्रतिज्ञा पहिल्याच दिवशी मोडली. त्यांनी रंगीत सनस्क्रीन आणि अझेलिक, बस, एवढंच दिलं. व्हिटॅमिन सी सध्या नको म्हणाल्या, एका वेळी एक. सनस्क्रीनच्या दोन ट्यूब आठशेच्या आत आल्या. चेहऱ्याला तेच दीडशेवालं पांढरं क्रीम, नडग्यांना काकांचं युरियावालं. पांढऱ्या रेघा गेल्या! वांग आहे तिथेच आहे, पण तीन आठवड्यांत जाणार नव्हतंच. शाळेत पहिल्या दिवशी दोन बोटं भरून सनस्क्रीन लावून गेले तर सातवीतल्या एका पोराने विचारलं, "बाई, आज गॅदरिंग आहे का?" सवय होतेय.

नणंदेला शेवटी खरं सांगितलं, की बाटली वाया गेली आणि पुन्हा पाठवू नकोस. ती एक मिनिट गप्प. मग म्हणाली, "वहिनी, मला तरी कुठे माहीत होतं! ते सीरम मला ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलेलं, तेच तुम्हाला दिलं. मी तर कॉस्टकोच्या घाऊक दुकानातला सेराव्हे क्रीमचा मोठा डबा आणते, घरातले चौघं तोच थापतो."

---

भिरंडेल
रविवार, रात्री ८:४०

हाहाहा! पण बाटलीचं काय केलंस? टाकली?

---

जास्वंद
रविवार, रात्री ८:५५

पाणी ओतून दिलं. बाटली सासूबाईंनी गरम पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून ठेवली. आता त्यात शिलाई मशीनचं तेल असतं. ड्रॉपरने अगदी नेमकं पडतं म्हणतात, एक थेंब इकडे-तिकडे होत नाही.